मान, मोबाइल आणि मन

विशेष प्रतिनिधी

मानेचा मणका 'जागेवर' बसविला की मन प्रसन्न होते, असे एक जण सांगतो. मोबाइलमुळे मेंदू बिघडतो, असे दुसरा सांगतो. या दोन्ही विधानांत तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती, याचा हा आढावा.

पडद्यावर एक तरुण उताणा झोपलेला दिसतो. त्याच्या मानेखाली दोन हात जातात, मान हलकेच एका बाजूला वळविली जाते आणि क्षणार्धात 'कट्' असा आवाज येतो. तरुणाच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. चित्रफीत तेथे संपते आणि लगेच दुसरी सुरू होते. कायरोप्रॅक्टिक या उपचारपद्धतीच्या अशा असंख्य चित्रफिती आज मोबाइलवर उपलब्ध आहेत. दिवसभराच्या कामाने आणि प्रवासाने शिणलेली माणसे रात्री अंथरुणात पडून, मान वाकवून त्या पाहत असतात. डोकेदुखी जाईल, झोप लागेल, चिंता पळेल, मेंदू नव्याने काम करू लागेल, अशी आश्वासनेही त्यांच्याबरोबर दिली जातात.

यातील विसंगती सहसा आपल्या लक्षात येत नाही. मान दुखते म्हणून जो उपाय आपण पाहत असतो, तो पाहण्यासाठीच मान तासभर वाकलेली असते. आणि मन थकले म्हणून जो विरंगुळा शोधतो, तोच झोपेचा एक तास खाऊन टाकतो. मान, मोबाइल आणि मन यांचे नाते आहे, यात शंका नाही. मात्र ते जाहिरातीत सांगितले जाते तितके सरळ नाही. मणका हलवून मनाची कळ दाबता येत नाही, तसेच पडदा पाहिला म्हणून मेंदू आपोआप नासतही नाही. या दोन्ही गोष्टींचा मनावर जो परिणाम होतो, तो मुख्यतः वेदना, झोप आणि हालचाल या तीन वाटांनी होतो. या वाटा समजून घेतल्या तर पैसा कोठे खर्चावा, कोठे वाचवावा आणि डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यावी, हे ठरविणे सोपे जाते.

बहिऱ्या कामगाराची कथा

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतला. आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ 'चुंबकीय उपचार' करीत असत. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड याला अनेक वर्षे नीट ऐकू येत नव्हते. १८९५ मध्ये पामर यांनी त्याच्या पाठीचा एक मणका हाताने दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असा त्यांचा दावा होता. या घटनेतून नवी उपचारपद्धती उभी राहिली. 'हात' आणि 'कृती' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून तिचे नाव ठेवण्यात आले आणि १८९७ मध्ये तिचे शिक्षण देणारी शाळाही निघाली.

मणके जागेवरून किंचित सरकतात, त्यामुळे मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि बहुतेक रोग त्यातूनच उद्भवतात, हे पामर यांचे मूळ सूत्र. या कथित सरकण्याला कायरोप्रॅक्टिकच्या परिभाषेत 'सबलक्सेशन' म्हणतात. शरीररचनाशास्त्राच्या कसोटीवर मात्र ही कथा टिकत नाही. श्रवणाचा मज्जातंतू अंतःकर्णातून निघून कवटीच्या आतूनच मेंदूकडे जातो. पाठीच्या मणक्यातून तो जातच नाही. ब्रिटनमध्ये या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये स्पष्ट केले, की 'सबलक्सेशन' ही ऐतिहासिक कल्पना असून, तिच्यामुळे रोग होतात असे म्हणण्यास संशोधनाचा आधार नाही.

आज या व्यवसायात दोन प्रवाह दिसतात. एक प्रवाह कंबर, मान व सांध्यांच्या दुखण्यापुरते स्वतःला मर्यादित ठेवतो. त्याचे काम पुष्कळ अंशी भौतिकोपचारासारखेच, म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो तसेच, असते. दुसरा प्रवाह अजूनही जुन्या सूत्राला चिकटून आहे आणि दम्यापासून नैराश्यापर्यंत सर्व व्याधींचे मूळ कण्यात शोधतो. दारावरची पाटी सारखीच असली, तरी आत कोणता प्रवाह आहे हे ओळखणे रुग्णाच्या हिताचे असते.

चित्रफितीतील त्या 'कट्' आवाजाचे काय? तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला गेला की आतील दाब कमी होतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा मोडताना त्याचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा आवाजाच्या क्षणी ही पोकळी निर्माण होताना दिसली. बोटे मोडल्यावर येणारा आवाज आणि मानेतून येणारा आवाज एकाच जातीचा आहे. तो आला म्हणजे उपचार सफल झाला, असे मानण्याचे कारण नाही.

आराम किती?

कण्यावर हाताने केलेल्या उपचारांचा काहीच उपयोग होत नाही, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. कंबरदुखीच्या नव्या रुग्णांवरील २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात वेदना कमी झाल्याचे त्यात आढळले. ही घट शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे दहा गुणांची होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूत्रे जाहीर केली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मानसोपचार आणि मालिश यांच्या जोडीने कण्यावरील हस्तोपचारांनाही स्थान आहे. म्हणजे हा उपचार अनेक पर्यायांपैकी एक आहे. तो इतरांहून सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही.

येथे आपल्याकडील एक जुनी रीत आठवते. कमरेत किंवा पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची पद्धत खेडोपाडी होती. काही ठिकाणी ती अजूनही आहे. पाय लावला आणि उसण गेली, असे शपथेवर सांगणारी माणसे प्रत्येक गावात भेटतात. ती खोटे बोलत नाहीत. अचानक उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि दुखणे सर्वांत जास्त असते तेव्हाच माणूस उपायाच्या शोधात निघतो. त्यानंतर जो उपाय केला असेल, त्याला श्रेय मिळते. मग तो पायाळू माणसाचा पाय असो, की वातानुकूलित दालनातील महागडे टेबल.

मेंदूत काय घडते?

मणक्यांवर दाब दिल्यास मेंदूत काही नोंद होते का? होते. स्नायू आणि सांधे यांच्याकडून मेंदूला सतत संदेश जात असतात. मान कोणत्या कोनात आहे, किती ताण आहे, हे डोळे मिटूनही आपल्याला समजते ते त्यामुळेच. साहजिकच मान झटकन वळविली की या संदेशांत बदल होतो. २०१६ मध्ये 'न्यूरल प्लास्टिसिटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उपचारानंतर मेंदूच्या पुढच्या भागातील विद्युत हालचालीत फरक दिसला. त्याच अभ्यासाच्या आधारे 'कायरोप्रॅक्टिकने मेंदू सुधारतो' असा प्रचार केला जातो. परंतु अभ्यासात केवळ १९ जण होते, मापन उपचारानंतर लगेचचे होते आणि त्यांची स्मृती, निर्णयशक्ती वा मनःस्थिती सुधारली असे त्यातून सिद्ध झाले नाही. मेंदूत बदल नोंदला जाणे आणि मेंदूचे भले होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरम चहाचा घोट घेतला तरी मेंदूत बदल होतो.

कणा आणि मन यांना जोडणारा अधिक भक्कम दुवा वेदनेचा आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा कमी असल्याचे अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांना २००४ मध्ये आढळले. पुढे २०११ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात अशा रुग्णांची उपचारांपूर्वी आणि उपचारांनंतर तपासणी झाली. वेदना कमी झाल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातील पातळ झालेले आवरण काही महिन्यांत पुन्हा जाड झाल्याचे त्यात दिसले. त्या रुग्णांना दिलेले उपचार शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेंदूला दिलासा मिळतो तो वेदना जाण्याने. ती कोणाच्या हाताने गेली, हा दुय्यम प्रश्न आहे.

सतत दुखत राहिले की झोप मोडते, हालचाल मंदावते, कामात लक्ष लागत नाही आणि चिडचिड वाढते. उलट मन खचलेले असले की तीच वेदना अधिक तीव्र भासते. वेदना आणि नैराश्य यांचे हे दुष्टचक्र डॉक्टरांना चांगले परिचित आहे. त्यामुळे मानेच्या उपचारानंतर एखाद्याला 'मन हलके झाले' असे वाटले, तर ते खोटे मानू नये. वेदनेतून मिळालेली सुटका, कोणी तरी आपुलकीने केलेली विचारपूस आणि बरे वाटेल ही अपेक्षा, या तिन्हींचा त्यात वाटा असतो. परंतु यावरून नैराश्य किंवा चिंताविकार यांवर कायरोप्रॅक्टिक हा उपचार आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

मान नाजूक आहे

मानेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतूनच वर जातात. या धमनीच्या आतील अस्तराला चीर गेल्यास तेथे गुठळी होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या विषयावर निवेदन प्रसिद्ध केले. मानेवरील हस्तोपचार आणि धमनीची चीर यांचा संबंध आढळला असला, तरी कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, अशी त्यातील भूमिका होती. धमनीला आधीच चीर गेल्यामुळे मान दुखू लागली आणि म्हणून रुग्ण उपचाराला गेला, अशीही शक्यता असते. हा प्रकार विरळा आहे. परंतु घडल्यास त्याचे मोल फार मोठे असते. म्हणूनच मानेला झटका देण्यापूर्वी रुग्णाला या धोक्याची कल्पना दिली जावी, असे त्या निवेदनात सुचविले होते. केशकर्तनालयात चंपीनंतर मान 'मोडून' घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

भारतात डॉक्टर आणि दंतवैद्य यांच्यासाठी आहे तशी कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. भौतिकोपचार हा व्यवसाय मात्र २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे समोरच्या व्यक्तीने कोणते शिक्षण घेतले आहे, हे विचारण्याची जबाबदारी आपल्याकडे बरीचशी रुग्णावरच येऊन पडते.

'टेक्स्ट नेक'चे ओझे

मोबाइलमुळे दुखणाऱ्या मानेला 'टेक्स्ट नेक' हे नाव अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका कायरोप्रॅक्टरने दिले. पुढे २०१४ मध्ये एका अमेरिकी शल्यचिकित्सकाने गणिती प्रारूपाच्या आधारे काही आकडे मांडले. ताठ असताना डोक्याचा भार पाच किलोच्या आसपास असतो. मान ६० अंशांनी वाकविली की मणक्यांवरील ताण सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हे आकडे जगभर पोहोचले. ते प्रत्यक्ष माणसांच्या मानेत मोजलेले नव्हते, ही बाब मात्र मागे पडली. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयोगटातील १५० जणांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइल पाहताना मान किती वाकते आणि मान दुखते का, यांचा परस्परसंबंध त्यात आढळला नाही.

२०१९ मध्ये तर मोबाइलमुळे तरुणांच्या कवटीला मागे 'शिंगे' फुटत आहेत, अशी बातमी जगभर गाजली. तिचा आधार असलेल्या ऑस्ट्रेलियातील शोधनिबंधात मोबाइलचा वापर मोजलेलाच नव्हता. निबंधाचे एक लेखक कायरोप्रॅक्टर असून, शरीरस्थिती सुधारणाऱ्या वस्तूंची विक्री करीत असल्याचेही उजेडात आले. संबंधित नियतकालिकाने त्याच वर्षी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पण बातमी जितकी पसरली तितकी दुरुस्ती पसरली नाही.

मग मान दुखते ती कशाने? वाकण्यापेक्षा एकाच स्थितीत अडकून राहणे अधिक त्रासदायक ठरते, असे आज अनेक तज्ज्ञ मानतात. भात लावणारी बाईही वाकते, पण ती पाऊल उचलते, हात हलविते. पडद्यासमोर बसलेला माणूस तासन्‌तास केवळ अंगठा हलवितो.

बसण्याच्या पद्धतीचा मनावर परिणाम होतो का, याचाही अभ्यास झाला आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या २०१५ मधील प्रयोगात ७४ जणांना ताणाचे काम देण्यात आले. पोक काढून बसलेल्यांपेक्षा ताठ बसलेल्यांची मनःस्थिती आणि आत्मविश्वास अधिक चांगला राहिला. हा परिणाम त्या प्रसंगापुरता नोंदलेला आहे. ताठ बसल्याने नैराश्य बरे होते, असा त्याचा अर्थ नाही.

पडदा आणि झोप

मोबाइलचा मनाशी सर्वांत स्पष्ट संबंध येतो तो रात्री. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळविणे. निळसर प्रकाशाला त्या विशेष संवेदनशील असतात. त्यांच्याकडून संदेश गेला की मेंदूतील जैविक घड्याळ दिवस लांबला असे समजते आणि झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबते. अमेरिकेत १२ जणांवर झालेल्या आणि डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचन केल्यास हे घड्याळ सुमारे दीड तासाने मागे पडल्याचे दिसले. झोप लागण्यास मात्र छापील पुस्तक वाचल्यावर लागे त्यापेक्षा सरासरी दहाच मिनिटे अधिक लागली.

दहा मिनिटे ही मोठी हानी नव्हे. खरी हानी होते ती 'आणखी एकच' म्हणत पुढे ढकललेल्या झोपेची. पुस्तकाचे पान संपते, प्रकरण संपते. मोबाइलवरील चित्रफितींना शेवटच नसतो. पुढे काय येईल याची अनिश्चितता मेंदूतील अपेक्षेची यंत्रणा जागी ठेवते. त्यात कार्यालयाचा एखादा तातडीचा निरोप किंवा नातेवाइकांच्या गटातील वादावादी आली, तर झोप पार उडते. पडद्याचा रंग पिवळसर करून यावर उपाय होत नाही.

झोप सुधारली तर मन सुधारते, याला मात्र चांगला आधार आहे. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध झाले. निद्रानाशावरील मानसोपचारामुळे विद्यार्थ्यांची झोप तर सुधारलीच. त्याबरोबर नैराश्य आणि चिंतेची लक्षणेही कमी झाली. विशेष म्हणजे तो मानसोपचार इंटरनेटवरून, अर्थात पडद्यावरूनच, देण्यात आला होता!

पडदा किती दोषी?

पडद्याचा एकूण वेळ आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध समजतो तितका ठळक नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातील फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के भागाचा संबंध तंत्रज्ञानाच्या वापराशी लागत होता. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळजवळ तितकाच प्रतिकूल निघाला. यावरून मोबाइल निर्धोक आहे असे ठरत नाही, कारण सरासरीत एखाद्या मुलाचे हाल लपून जातात. तरीही 'किती वेळ' या प्रश्नापेक्षा 'काय पाहतो आणि काय सोडून पाहतो' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये काही जणांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्यास सांगितले. त्यांना दररोज सरासरी तासभर मोकळा मिळाला आणि समाधानात थोडीशी, पण निश्चित वाढ झाली. आपल्याकडे बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचार केंद्र सुरू केले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये गावकऱ्यांनी वेगळाच मार्ग शोधला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद ठेवले जायचे. त्या वेळेत मुलांनी अभ्यास-वाचन करावे आणि घरच्यांनी एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा होती. या प्रयोगाचे मर्म 'बंद'मध्ये कमी आणि रिकाम्या झालेल्या वेळेला काम देण्यात अधिक आहे. शिवाय सारे गाव एकाच वेळी थांबले, की आपणच मागे पडलो असे कोणाला वाटत नाही.

काय करावे?

- दर अर्ध्या तासाने उठावे, मान-खांदे हलवावेत. मोबाइल शक्यतो डोळ्यांच्या पातळीजवळ धरावा.
- आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे किंवा तेवढ्याच श्रमाचा व्यायाम करावा. कंबर, झोप आणि मन या तिन्हींना त्याचा लाभ होतो.
- रात्री मोबाइल उशाशी ठेवू नये. गजरासाठी साधे घड्याळ वापरावे.
- कण्यावर हस्तोपचार करून घ्यावयाचे असल्यास आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे. उपचार करणाऱ्याचे शिक्षण विचारावे आणि मानेला झटका नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे.
- हातापायांत बधिरता वा अशक्तपणा, लघवीवरील ताबा जाणे, ताप, अपघातानंतरचे दुखणे, ही लक्षणे असल्यास विलंब न करता डॉक्टरांना भेटावे.
- मानेत किंवा डोक्यात अचानक तीव्र कळ, तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोबडी वळणे, असे झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.
- दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, कशातच रस नसणे, झोप किंवा भूक बिघडणे, असे असेल तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

यातील शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मणका बसवून घेण्यासाठी वा नवी उशी घेण्यासाठी गेलेले पैसे फार तर वाया जातील. परंतु खचलेल्या मनाचे कारण मानेत शोधत राहिल्याने योग्य उपचार लांबणीवर पडतात आणि तो गेलेला काळ भरून काढणे कठीण असते. मान दुखत असेल तर मानेवर उपचार व्हावेत, झोप हरवली असेल तर झोपेवर आणि मन दुखत असेल तर मनावर.